रिकाम्या तासांच्या रेघा

दिनदर्शिका कोणतीही घ्या, तिच्यात कामाला नाव असतं आणि मोकळ्या वेळेला नाव नसतं. दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, विजेचं बिल भरायचं आहे, पुण्याच्या लोकांशी बैठक आहे, हे सगळं नीट लिहिलेलं असतं. मधली दुपार मोकळी असेल तर तिथे कागद कोरा राहतो. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’चे चौकोन आठवा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं आणि तेव्हापासून मराठी घरांनी त्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, मुलांच्या परीक्षा, लग्नाची आमंत्रणं असं काय काय टिपून ठेवलं. चौकोन कोरा दिसला की घरातलं कुणीतरी त्यात काहीतरी लिहितंच. मोकळी वेळ डोळ्यांना कशी दिसते, यावर ती टिकणार की जाणार हे ठरतं, असं माझं मत झालं आहे. ते मत होण्यात माझ्या कामाच्या पडद्याचा वाटा आहे, आणि त्याहून मोठा वाटा रायगडच्या किनाऱ्याचा आहे.

मी अलिबागजवळच्या एका गावात राहते आणि घरूनच भाषांतराचं काम करते. माझी दिनदर्शिका म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल आहे. तिच्यात रंगीत पट्ट्या नाहीत, चित्रं नाहीत, बोटाने सरकवायचे चौकोन नाहीत. अक्षरं, आकडे आणि रेघा, बस्स. ज्या प्रोग्रॅममध्ये मी ती ठेवते त्याचं नाव ईमॅक्स. १९७६ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ज्याची सुरुवात केली आणि जो आजही हजारो लोक रोज वापरतात, असा हा मजकूर-संपादक. त्याच्या आत ऑर्ग-मोड नावाची एक व्यवस्था आहे. ती २००३ साली कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या टिपणांसाठी सुरू केली. आकाशाचं वेळापत्रक बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या दिवसासाठी जे बनवलं, ते पुढे जगभरच्या लेखकांना, संशोधकांना, माझ्यासारख्या भाषांतरकारांना उपयोगी पडलं.

सकाळी संगणक सुरू केला की त्या फाइलमधून दिवसाचं एक पान तयार होतं. त्याला अजेंडा म्हणतात. डावीकडे वेळ, उजवीकडे काम, असं एकाखाली एक. कामांच्या अधेमध्ये सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी एक बारीक तुटक रेघ येते: आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा, आठ. आत्ता किती वाजले आहेत तेही एक वेगळी रेघ सांगते, म्हणजे कामांच्या रांगेत आपण कुठे उभे आहोत ते कळतं. एक अक्षर दाबलं की या रेघा नाहीशा होतात, पुन्हा दाबलं की परत येतात. इतर दिनदर्शिकांत मोकळी वेळ म्हणजे नुसती पांढरी जागा. इथे तिला निदान एक खूण आहे. आणि ती खूण कशी असावी हे ठरवण्याची मुभा वापरणाऱ्याला आहे. रेघा किती असाव्यात, कोणत्या वेळांना असाव्यात, रेघेवर ठिपके असावेत की अक्षरं, आजच्याच पानावर त्या दिसाव्यात की आठवड्याच्याही, ज्या दिवशी वेळ ठरलेलं एकही काम नाही त्या दिवशी दिसाव्यात की नाही, हे सगळं चार ओळींत लिहून बदलता येतं.

या मांडणीत पहिल्यापासून एक गोष्ट मला खुपायची. दहा ते एक अशी बैठक असली तरी बाराची रेघ त्या बैठकीच्या खाली तशीच उभी असायची. कागदावर बघणाऱ्याला वाटावं, बाराला ही बाई मोकळी आहे. प्रोग्रॅम फक्त बैठकीची सुरुवात बघायचा, ती किती वेळ चालणार ते रेघा आखताना लक्षात घ्यायचा नाही. ही अडचण इतरांनाही आली होती आणि त्यावरचे उपाय लोकांनी लिहून ठेवले होते. ते वाचून मी माझ्यापुरता बदल केला: जी रेघ एखाद्या ठरलेल्या कामाच्या पोटात येते ती काढून टाकायची. त्यानंतर पानावर उरलेली प्रत्येक रेघ खरी झाली. रेघ दिसते आहे म्हणजे ती वेळ खरोखर कुणाची नाही.

आणि मग पान अगदी वेगळं दिसू लागलं. भरगच्च वाटणाऱ्या दिवसांत मोकळी वेळ बऱ्यापैकी होती, पण ती सगळी तुकड्यांत होती. एका कामाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांत वीस मिनिटं, पुढे पंचवीस, मग पुन्हा पंधरा. बेरीज केली तर तीन तास भरायचे, पण त्या तीन तासांत एक पान वाचून व्हायचं नाही. म्हणून दुसरा बदल केला. पाऊण तासापेक्षा लहान फट असेल तर तिला मोकळी वेळ म्हणून दाखवायचंच नाही. ती फट चहाची, दार उघडण्याची, पाठ सरळ करण्याची. तिला तेवढंच राहू द्यायचं. या बदलानंतर काही दिवशी पानावर एकही रेघ उरली नाही, आणि आपला आठवडा कसा गेला ते एका नजरेत कळलं. त्या कोरड्या, साध्या पानाबद्दल मला फार आदर वाटतो, कारण जे आहे तेवढंच ते दाखवतं.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. रेघा दोन-दोन तासांवरच का? आठ, दहा, बारा ही पायरी कोणाची? कचेरीची, शाळेची, रेल्वेची. माझ्या खिडकीबाहेरच्या जगाचा दिवस त्या पायऱ्यांनी चढत-उतरत नाही.

या किनाऱ्यावर दिवसाचे भाग पाणी पाडतं. चंद्राचा दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी मोठा, म्हणून भरती रोज तेवढी पुढे सरकते. एका भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटीचं टोक, आणि तेवढ्याच वेळाने पुढची भरती. आमच्याकडे याचा हिशेब लहान मुलांनाही येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसाला जमतो तसाच रात्रीलाही. तांबडं फुटताना होडी काढायची तर एवढ्यावर भागत नाही, त्याला तक्ता लागतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे, आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीचे तक्ते आधीच छापतो. पण किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्याला, खडकांत कालवं काढायला जाणाऱ्या बाईला, किल्ल्यावर पाहुण्यांना नेणाऱ्याला पाऊणपट पुरते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेखाली तिथी छापलेली असते. ती बघायची आणि निघायचं.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जाणं म्हणजे या हिशेबाचा धडाच आहे. किनाऱ्यापासून थोडा आत समुद्रात उभा असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८०च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. ओहोटी पुरती लागली की वाळूतून, खडकांतून चालत तिथे जाता येतं, आणि भरती चढली की तो पुन्हा बेट होतो. त्या दोन-तीन तासांत जायचं, आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरी बघायच्या, सिद्धिविनायकाच्या पाया पडायचं आणि परतायचं. संकष्टीला तिथी चतुर्थी, भरती तीनला, म्हणजे सकाळची ओहोटी नऊच्या सुमाराला. गणपतीच्या दर्शनाला ही वेळ किती छान पडते ते किनाऱ्यावरच्या भाविकांना चांगलं ठाऊक आहे. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते, पण त्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही आणि वाट नीट उघडी पडत नाही. म्हणजे मोकळ्या वेळेची नुसती लांबी बघून चालत नाही, तिची जातही बघावी लागते. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांतली ओहोटी वेगळी आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांतली वेगळी.

हे मला आमच्या शेजारच्या तांडेल काकांनी जास्त नीट समजावलं. त्यांच्या घराण्यात डोल जाळ्यांची मासेमारी आहे. डोल हे तोंडाशी रुंद आणि मागे निमुळतं होत जाणारं लांब जाळं. ते समुद्रात खुंटांना बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. पाण्याची ओढ मासळी आत घालते, आणि भरती-ओहोटीच्या मधे पाणी जरा थांबलं की जाळं उचलून रिकामं करायचं. सगळा धंदाच प्रवाहाच्या जोरावर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, अष्टमीच्या आसपास तो जोर नसतो. अशाच एका दिवशी काका अंगणात बसलेले बघून मी विचारलं, “काका, आज होडी नाही काढली?” ते म्हणाले, “भांग हाय गो पोरी. पान्याला जोर नाय. जाली शिवाला बसलोय.” त्यांच्या बोलण्यात सुट्टी मिळाल्याचा आनंद नव्हता आणि दिवस वाया गेल्याचं दुःखही नव्हतं. भांगाचे दिवस येणार हे माहीतच होतं, आणि आल्यावर काय करायचं हेही ठरलेलं होतं. जाळी शिवायची, दोर बघायचे, भाचीकडे जाऊन यायचं, दुपारी झोपायचं. समुद्राने कामाची वेळ जशी दिली, तशी बिनकामाचीही दिली. दोन्ही दिवसांना त्यांच्या तोंडी नाव होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या रेघा बदलायला घेतल्या. दर दोन तासांची पायरी काढून टाकली. ईमॅक्सच्या आत एक दिनदर्शिका आहे, तिला अमावास्या-पौर्णिमा गणिताने काढता येतात. एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश दिले तर ती तिथला सूर्योदय आणि सूर्यास्तही सांगते. मी तिला अलिबागचे आकडे दिले, उत्तरेला साधारण १८.६ अंश आणि पूर्वेला ७२.९. चंद्राच्या दिवसांवरून पाऊणपटीचा हिशेब करणाऱ्या काही ओळी लिहिल्या. आता माझ्या पानावर रेघा पडतात त्या भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळांना. सूर्य वर असताना ओहोटी येत असेल आणि ती वेळ कुठल्या कामात बुडालेली नसेल, तर रेघेवर ठिपक्यांच्या जागी ‘ओहोटी’ असं अक्षरांत उमटतं, आणि ती कधीपासून कधीपर्यंत तेही. पौर्णिमेच्या आसपास ती संध्याकाळी साडेपाच-सहाकडे असते. मग रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकत रात्रीत जाते, आणि तोवर दुसरी ओहोटी सकाळी वर येते. चतुर्थीला ती नऊ वाजता मिळते, अष्टमीला दुपारी बाराला. पंधरवड्यात ओहोटीचा हा माझा मोकळा वेळ दिवसभर फिरून येतो. एखाद्या दिवशी तो बैठकीवर आपटतो आणि त्या दिवशी मला तो मिळत नाही. पण तो सरकतो, म्हणून कायमचा कुणाच्या ताब्यात जात नाही. रोज पाचला ठेवलेली मोकळी वेळ आठवड्याभरात कुणीतरी घेऊन टाकतं. रोज जागा बदलणारी वेळ घ्यायची तर समुद्राच्या मागे पळावं लागेल.

असं नाव दिल्याने मोकळ्या वेळेचंही काम होऊन बसत नाही का, असा प्रश्न कुणी विचारू शकेल, आणि तो रास्त आहे. ‘पाच ते सहा विश्रांती’ असं लिहून ठेवलेल्या माणसाला विश्रांतीचाही ताण येतो. पण ओहोटीच्या रेघेत मी काय करायचं ते लिहिलेलं नसतं. तिच्यात फक्त दोन काठ असतात, इथून सुरू आणि इथे संपेल. आत मी वाळूवर चालेन, कालवं काढणाऱ्या बायकांशी बोलेन, घरात पंख्याखाली पडून राहीन, किंवा अडलेलं वाक्य मनात घोळवत बसेन. एसटीत माणूस सीटवर रुमाल टाकतो तेव्हा जागा धरतो, तिथे बसून काय करणार ते सांगत नाही. माझी रेघ तेवढंच करते.

या जिल्ह्यात मोकळी वेळ राखण्याची समज एकेकट्या माणसापुरती नाही, ती सगळ्यांनी मिळून ठरवलेलीही आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. अनेक मासे या काळात अंडी घालतात, पिल्लं वाढतात आणि समुद्रही खवळलेला असतो. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी लोक पावसाळ्यात होड्या वर ओढत आले आहेत, आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम सुरू करत आले आहेत. वर्षाच्या दिनदर्शिकेत हा मोठा कोरा भाग ठसठशीत दिसतो. त्यात घरं चालवणं सोपं नसतं. सुकवलेली मासळी, साठवलेले पैसे, उधारी यांवर ते दिवस काढावे लागतात. तरीही जाणते तांडेल बंदीच्या बाजूने बोलतात, कारण त्या रिकाम्या महिन्यांत समुद्र भरतो हे त्यांनी बघितलेलं असतं. बंदीत चोरून होडी काढणाऱ्यावर गावाचा राग असतो तोही यासाठीच. राखलेली वेळ एकाने मोडली तर सगळ्यांची मोडते.

रिकामं काहीतरी जपण्याचं आणखी एक उदाहरण अलिबागमध्येच आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. गावातली चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद १८४१ पासून होत होती. १८५९च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौरवादळ तिथल्या उपकरणांनी टिपलं, आणि ती नोंद आजही अभ्यासली जाते. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकत्वाच्या बारीक नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागची जागा निवडली गेली आणि १९०४ साली इथे काम सुरू झालं. इमारतीला चुंबकाला ओढणारं काही वापरायचं नाही, आसपासही तसं काही येऊ द्यायचं नाही, असा कटाक्ष ठेवला गेला. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या नोंदीला नवी नोंद सलग जोडता यावी. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की या जागेवर काही येऊ द्यायचं नाही, आणि त्यामुळे आज जगातल्या जुन्या, सलग चुंबकीय नोंदींपैकी एक आपल्याकडे आहे.

या शास्त्रात दर महिन्यातले पाच सर्वांत शांत दिवस आणि पाच सर्वांत खळबळीचे दिवस जगभरासाठी निवडले जातात. शांत दिवसांच्या नोंदींवरून आधाररेषा ठरते, आणि वादळ किती मोठं होतं ते त्या रेषेपासून मोजतात. शांत दिवस कोणते ते माहीत नसेल तर वादळाचा आकडाही सांगता येत नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या पानाचा अर्थ मला नव्याने लागला. आपण कामात किती बुडालो आहोत हे कामं मोजून कळत नाही. कुठेतरी निखळ मोकळे तास असावे लागतात, ते दिसावे लागतात, तेव्हा त्यांच्या शेजारी ठेवून बाकीच्या दिवसांचं वजन कळतं. ज्या महिन्यात माझ्या पानावर ओहोटीच्या रेघा कमी पडतात, त्या महिन्यात मी नवं काम घेत नाही. हा नियम मी पाळते आणि त्याने माझं भलं झालं आहे.

इथपर्यंत माझ्या पानाची गोष्ट माझ्यापुरती होती. पण दिनदर्शिका हल्ली एकट्याची राहत नाही. आपण कधी मोकळे आहोत हे दुसऱ्यांच्या यंत्रांना कळवावं लागतं, म्हणजे ते बैठक ठरवू शकतात. यासाठी जगभर एक समान पद्धत आहे, आयकॅलेंडर नावाची. तिच्यात प्रत्येक नोंदीला एक गुण देता येतो: ती पारदर्शक आहे की अपारदर्शक. पारदर्शक नोंद तुम्हाला दिसते, पण त्या वेळी इतरांच्या लेखी तुम्ही मोकळे असता. अपारदर्शक नोंद तुमची वेळ अडवते. मुलाच्या मैत्रिणीचा वाढदिवस पारदर्शक, डॉक्टरांची वेळ अपारदर्शक. माझ्या फाइलमध्ये भरती पारदर्शक आहे. ती आली आहे एवढं मला कळावं, त्या वेळी मी खुशाल काम करते. ओहोटी मात्र अपारदर्शक आहे. पलीकडच्या माणसाला ती का, कशाची, हे दिसत नाही, एवढंच दिसतं की ही वेळ दिलेली आहे.

मुंबईचं अंतर आता कमी झाल्याने याची गरज वाढली आहे. पूर्वी गेट वे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असायच्या, आजही असतात, आणि त्या महिन्यांत मुंबई आमच्यापासून लांब जायची. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली, ती पावसातही चालते, गाड्याही नेते. आजाऱ्याला, विद्यार्थ्याला, भाजी-मासळी नेणाऱ्याला तिचा फार आधार झाला आणि ती सुरू झाली हे उत्तमच झालं. पण जिथे निसर्ग आपोआप एक अंतर राखत होता, तिथे आता ते अंतर माणसाने स्वतः राखायला हवं.

आणि इथे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आमच्या किनाऱ्यावर कालवं, तिसऱ्या काढायला बायका जातात. हातात लोखंडी टोकदार हत्यार, कमरेला किंवा डोक्यावर टोपली. त्या निघतात ओहोटीच्या वेळेवर. घरात भात व्हायचा असो, पोर रडत असो, सासूबाई हाक मारत असोत, “ओहोटी लागली, निघते” एवढं म्हटलं की त्यावर कुणी काही बोलत नाही. थोडं थांब, नंतर जा, असं म्हणायची सोय नसते, कारण समुद्र थांबणार नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. ते काम कष्टाचंच आहे, पाय सोलणारं, कंबर मोडणारं. पण त्या दोन-तीन तासांवर घरचा हक्क चालत नाही. तीच बाई संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं बसली तर तिला तीन हाका येतात. त्या दहा मिनिटांच्या मागे समुद्र उभा नसतो.

आपल्या घरांत बाईच्या मोकळ्या वेळेचं असंच आहे. ती घरी असली की मोकळीच असते असं धरलं जातं. “तू घरीच आहेस ना, मग जरा गॅसवाल्याला थांबव, जरा काकूंना दवाखान्यात ने, जरा पाहुण्यांचं बघ.” प्रत्येक मागणी लहान असते आणि बहुतेक वेळा खरीही असते. तिच्या दिवसात कोरी जागा दिसते म्हणून ती मागितली जाते. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या बाईला हे दोन्हीकडून येतं, पडद्यावरूनही आणि स्वयंपाकघरातूनही. म्हणून ‘ओहोटी’ हे मी मुद्दाम लिहिलेलं नाव आहे. कालवं काढणाऱ्या बायकांना समुद्राने जी मान्यता दिली, ती मी त्यांच्याकडून शिकून माझ्या पानावर आणली. आता घरात सगळ्यांना कळतं की अमुक वेळ ओहोटीची आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी त्या वेळा पेन्सिलीने लिहून ठेवते. मुलीने शेजारी स्वतःच्याही वेळा लिहायला सुरुवात केली आहे. तिच्या वेळांना भरती-ओहोटीशी देणंघेणं नाही, त्या तिने तिच्या ठरवल्या आहेत, आणि आम्ही त्या पाळतो.

ज्याच्याकडे संगणक नाही त्यालाही हे करता येईल. शाळेच्या वहीत, भिंतीवरच्या चौकोनात, फोनमध्ये, कुठेही. मोकळी वेळ उरेल तेव्हा बघू असं म्हणून ती कधीच उरत नाही. तिचे काठ आधी आखावे लागतात, तिला एखादं नाव द्यावं लागतं, आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी ते लिहावं लागतं. आपल्यापैकी पुष्कळांनी स्वतःसाठी अशा रेघा कधीतरी आखल्या असतील. आता घरातल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून बघा, आणि आईच्या, आजीच्या नावासमोर एकही रेघ नसेल तर पहिली रेघ तिथे आखा.